पेटीसाठी बांधलेली डोली

आमच्या साखरशेत गावात माझ्याएवढा तोंडाळ माणूस दुसरा नव्हता. नांगरायला मला कोणी बोलवत नसे, कारण मी बैलांशी गप्पा मारत चालायचो आन तास वाकडं जायचं. लग्नाला मात्र पहिलं आवतण मला. भात कमी पडला तर पाहुण्यांना हसवून पानावरून उठवायचं काम माझं. शाळा मी बघितली ती जव्हारला, बाहेरून. तिच्या भिंतीला टेकून विडी ओढली, तेवढं माझं शिक्षण. भिंत चांगली होती.

अशा माणसाच्या डोक्यावर कोणी काच ठेवील का? एकानं ठेवली.

जव्हारला तेव्हा राजांचं राज्य. राजवाड्यात काही कार्य निघालं होतं, त्याचे फोटू काढायला नाशकाहून एक साहेब आला होता. साहेब म्हणजे गोरा नव्हे, आपल्यातलाच, मराठी बोलणारा. डोक्याला काळी टोपी, पायात बूट. कार्याला अजून काही दिवस होते. तेवढ्यात त्याला मोखाड्याकडचे डोंगर आन डोंगरातली माणसं काचेवर उतरवून घ्यायची होती. बाजारात त्यानं विचारलं, "वाट दाखवील आणि ओझं वाहील, असा कोणी आहे का?"

दुकानदारानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला न्या. कंटाळा येणार नाही."

वाट माहीत हाय का, ते कोणी विचारलंच नाय. मग मी तरी कशाला सांगू?

साहेबाचं सामान मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, हा लोहार हाय. लाकडाची मोठी पेटी, तिच्या पोटाला भात्यासारखं चामडं, पुढं पितळेचा एक डोळा. पेटी वर ठेवायला तीन पायांचा एक घोडा, तो उघडला की माझ्याहून उंच. एक काळं कापड, एवढं मोठं की माझ्या बायकोचं लुगडं झालं असतं. आन एक चपटी पेटी, तिच्यात काचा. त्या काचेवर माणूस उतरतो म्हणे.

साहेब म्हणाला, "हे बघ. ह्या काचा फुटल्या तर मी मेलो. ह्यांना उजेड लागला तरी मी मेलो. पेटीला ऊन लागून लाकूड तडकलं, तरी मेलो."

मी मनात बोललो, हा माणूस फारच लवकर मरतो.

सामान न्यायचं कशातून, हा पहिला प्रश्न. साहेबाचं मन बैलगाडीवर होतं. गाडीवाला आला, खाली पेंढा घातला, वर पेट्या ठेवल्या, आन आम्ही गावाच्या बाहेर नुसती एक फेरी मारून बघायची ठरवली. गाडी चालली तशी चपटी पेटी आतून बोलायला लागली. कड, कड, कड. साहेबाचा चेहरा कसा झाला सांगू, कोणी त्याचे दात मोजतंय तसा.

"अरे, हळू घे!" साहेब ओरडला.

"हळूच हाय," गाडीवाला बोलला. "हलतोय तो रस्ता. गाडी नाय हलत. रस्ता बदला, मग बघा."

साहेबानं गाडी परत फिरवली. तरी वरची एक काच गेलीच. त्यानं ती दोन बोटांत धरून उन्हात बघितली. मी बोललो, "साहेब, तुम्ही अजून जिते हाय." तो हसला नाय. मी हसलो, कोणीतरी हसायला पाहिजे म्हणून.

मग डोकं. माझ्या अंगात सपाट अशी जागा एकच हाय, ती डोक्यावर. चुंबळ ठेवली, तिच्यावर चपटी पेटी ठेवली. चार पावलं चाललो तर परत कड, कड.

"तू डोकं का हलवतोस?"

"बोलताना हलतं."

"मग बोलू नकोस."

"मग चालू कसा?"

खरंच सांगतो, मला जमलं नाय. गप बसून चाललो की माझे पाय अडखळतात. शिवाय टोपीवाला माणूस मागून डोळे वटारून बघतोय, त्यानं मानेला घाम सुटला, आन घामानं चुंबळ घसरली. पेटी मी धरली, पण धरताना तिला मिठी मारून खाली बसलो, आन उठेपर्यंत आजूबाजूची सगळी दुकानं बाहेर आली.

मग कावड. हे मला येतं. खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोन शिंकी. एका शिंक्यात मी मोठी पेटी ठेवली. आता दुसरीकडं तेवढंच वजन पाहिजे, नायतर कावड फिरते. म्हणून मी एक चांगला मोठा दगड बघून दुसऱ्या शिंक्यात घातला आन जव्हारला एक वळसा घालून दाखवला. कावड अशी झुलली की पेटीला कळलं पण नाय. माझी छाती फुगली.

साहेब म्हणाला, "छान. पण दगड कशाला?"

"तोलाला."

"आणि काचांची पेटी आणि घोडा कोण उचलणार?"

मी बघितलं. काचांची पेटी आन घोडा बाजूला ओट्यावर पडले होते. मी मोखाड्याला दगड घेऊन निघालो होतो.

बाजार इतका हसला की त्या दिवशी तंबाखूवाल्यानं मला चिमूटभर फुकट दिली. दगड काढून सगळं सामान भरून बघितलं, तर कावडीचा बांबूच वाकला. एका माणसाचं ते ओझं नव्हतं. दुसरा माणूस पाहिजे, म्हणून मी माझ्या साडूला आणला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा. सासऱ्यानं एका पोरीसाठी माझ्यासारखा जावई बघितला आन घाबरून दुसरीसाठी हा बघितला. हा बोलतच नाय. लग्नात ह्याला नाव घ्यायला सांगितलं तर हा तिथून उठून गेला.

साडूनं सगळं सामान बघितलं. पेटी हातानं उचलून बघितली, ठेवली. आन बोलला, "मानूस नेतो तसं न्या."

एवढंच. पण बरोबर बोलला. आजारी माणूस नेतात ती डोली. लांब बांबू, त्याला दोन्ही टोकं बांधून घोंगडी, घोंगडीत माणूस, पुढं एक खांदा, मागं एक खांदा. चालताना ती झुलते, हिसका देत नाय. आम्ही पेटी घोंगडीत निजवली, तिच्या कुशीला काचा, पायाशी घोडा, भोवती सुकं गवत. वर उन्हासाठी ते काळं कापड पांघरलं. एक फेरी मारली. काचा गप.

साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. "तुला अक्कल आहे रे." मी साडूकडं बघितलंच नाय.

सकाळी आम्ही निघालो. घाट, उतार, सुकलेले नाले, परत चढ. पहिल्यांदाच कोणी माझं बोलणं ऐकून घेत होतं, कारण साहेबाला दुसरा इलाज नव्हता. त्याचा फिरकीचा तांब्या त्याच्या गळ्यात. आमच्या हातचं पाणी तो पीत नव्हता, घरून भरून आणलेलं पुरवून पुरवून घोट घोट पीत होता. दुपार कलल्यावर पोशेरा गावाच्या अलीकडच्या एका पाड्यावर आलो. थोडीशी घरं, वर एक टेकाड. साहेबाला ती जागा फार आवडली. उजेड चांगला हाय, बोलला.

आता इथं मी जे केलं ते आमच्यातला दुसरा कोणी करणार नाय.

आमच्या डोंगरात डोली पाड्यावर आणायची तर टेकाडावर थांबून ओरड द्यायची असते. कोणाच्या घरचा हाय, आन जिता हाय, एवढं ओरडायचं. मग खालचे लोक खाट टाकतात, चुलीवर पाणी ठेवतात. ओरड न देता डोली उतरली तर समजायचं मयत हाय. मग ज्या घरचं माणूस बाहेरगावी आजारी हाय ते घर आन त्याची भावकी चुली विझवतात आन भरलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. मयताच्या घरात आधीचं पाणी ठेवत नाय.

हे मला माहीत नव्हतं काय? लहानपणापासून माहीत. पण पेटीसाठी काय ओरडू? पेटी जिती हाय म्हणून? माझ्या डोक्यातच आलं नाय की आम्ही खांद्यावर डोली घेऊन चाललोय. मला वाटत होतं आम्ही साहेबाचं सामान घेऊन चाललोय. म्हणून सगळ्या वाटेवर ज्याचं तोंड बंद झालं नाय, तो मी नेमका टेकाडावर गप राहिलो. चढानं दम लागला होता.

खाली उतरतो तोवर एका घरातून म्हातारी पळत आली. अनवाणी, पदर खाली लोळतोय. मागून तिची जाऊ, आणखी दोन बाया. कोणी रडत नव्हतं अजून. म्हातारी सरळ डोलीशी आली.

"कोन हाय रं त्यात? तोंड दाव मला."

"अहो बाई, हात लावू नका," साहेब ओरडला. "काच आहे!"

तिनं कापड ओढलं. आत लाकूड, चामडं आन तो पितळेचा डोळा. ती बघत राहिली. मग हळूच बोलली, "ह्यो माजा नाय." आन मटकन खाली बसली, जसा कोणी तिचा दोर कापला.

तिची जाऊ कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढं आली. "मेल्या, डोली आनतोस आन ओरडत नायस? तोंड हाय का भोक हाय? दोन घरांचं पानी वतलं आमी. चुली विझवल्या. आता पानी कोन भरंल, तुजा बा?"

"माजा बा मेला, बाय. मीच भरतो."

झिरा खाली नाल्यात. उन्हाळ्याच्या तोंडाला नाल्यात खड्डा खणतात, त्यात पाणी वाटी वाटी जमतं, ते करवंटीनं घागरीत भरायचं. घागर भरेपर्यंत बसलो, चढलो, अर्धी सांडली, परत उतरलो. बाया वरून बघून हसत होत्या. एक बोलली, "चांगला सापडला, रोज आना ह्याला." साडूनं माझ्या आधी दोन घागरी पोचवल्या.

म्हातारी अजून डोलीजवळच बसली होती. मी पाण्यानं भिजून आलो तेव्हा ती साहेबाशी बोलत होती.

"ही डोली मोकळी व्हईल का?"

"का हो?"

"माजा पोर जामसरच्या रानात हाय. कोळशाच्या भट्टीवर. बाजाराला गेलेल्या मानसानं सांगितलं, ताप हाय, उठत नाय. पाड्यात आता उचलनारा मानूस नाय. सगळं कामाला गेलं. म्हातारं हाय, बाया हाय. बायांनी डोली खांद्यावर घ्यायची नसते. तुजे हे दोन मानूस हाय, डोली बांदलेली हाय. त्याला हितं आनू दे. काय व्हयाचं ते हितं व्हवू दे. माज्या हातचं पानी त्याच्या तोंडात जाऊ दे."

साहेबानं पेटीकडं बघितलं. मग टेकाडाकडं, उजेडाकडं. "मला राजवाड्यात परत जायचं आहे. हे सामान न्यायचं कसं?"

"तुजं सामान मी बघते. पोरावानी बघते."

साहेबानं बूट काढला, झटकला, परत घातला. मला वाटलं आता हा शहरातली काहीतरी सबब काढणार. पण तो उठला आन स्वतःच्या हातानं घोंगडीतून पेटी काढायला लागला.

"सकाळी जा," तो आम्हाला बोलला. "मी इथंच थांबतो. पेटीला काही ताप नाही."

काळं कापड त्यानं डोलीतच ठेवलं. "ऊन लागेल त्याला."

उजाडताच आम्ही निघालो. रिकामी डोली हलकी, पण खांद्याला ती पेटीपेक्षा जास्त टोचली. दिवस कलता कलता भट्टी सापडली. रानात सगळीकडं धूर, मातीचे ढिगारे आतून जळतायत, झाडं तोडलेली. मुकादमानं बोटानंच दाखवलं. "न्या, न्या. कामाचा राहिला नाय तो."

पानांच्या झोपडीत पोर पडला होता. पोर म्हणजे माझ्यापेक्षा थोडाच लहान असंल. सगळं अंग कोळशानं काळं, डोळे तेवढे लाल. मला बघून बोलला, "तू कोन?"

"तुज्या आयचा गडी. काल एक पेटी वाहत व्हतो, ती ठेवली. आता तुला वाहायचं."

"पेटी जड व्हती का मी?"

"तू," मी बोललो. खोटं. त्याला उचलून घोंगडीत घातला तेव्हा साडूनं माझ्याकडं बघितलं. त्याच्यापेक्षा पेटी जड होती. पण त्याला ते ऐकून बरं वाटलं, हसला.

रात्र तिथंच काढली, उजाडायच्या आत वाटेला लागलो. ह्या वाटेवर पाडे खूप. आन ह्या वेळी मी शहाणा झालो होतो. प्रत्येक टेकाडावर थांबून मी ओरड देत होतो, "पोशेऱ्याकडची डोली हाय हो! जिता हाय!" खालून कोणी ओरडायचं, "न्या सुखानं!" एका ठिकाणी बाईनं घागर घेऊन वाटेवर येऊन पाणी विचारलं. पोर नको बोलला. "घरी गेल्यावर पिईन."

मी जरा गप झालो की डोलीतून आवाज यायचा. "बोल ना. गप नको बसू. तू गप झालास की मला वाटतं मीच गेलो."

मला असं कोणी कधी बोललं नव्हतं. मला सगळे गप बस बोलतात. मग काय विचारता. चढावर, उतारावर, मी बोलत राहिलो. माझ्या लग्नात मी एवढी बडबड केली की सासऱ्याला वाटलं नवरदेव मागून येतोय, हा त्याच्या पुढं धाडलेला सोंगाड्या हाय. ते सांगितलं. एकदा मी भगताकडं माझं भूत उतरवायला गेलो, तर भगत बोलला, भूत कंटाळून आधीच गेलंय. ते सांगितलं. कावडीत दगड घेऊन जव्हार फिरलो ते सांगितलं. ते त्याला आवडलं, परत सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना तो हसला नाय, पण कापडाखालून "मग?" बोलला. म्हणून मी चौथ्यांदा पण सांगितलं.

साडू मागून एकदाच बोलला, "घसा सांभाळ."

मी कसला सांभाळतो. घशात भट्टीचा धूर आधीच भरला होता. आवाज फाटत चालला होता, तर मला वाटलं तेवढीच मजा, कोंबडा बोलतो तसं बोलून दाखवलं.

दुपारी पाड्याच्या वरच्या टेकाडावर आलो. खाली घरं दिसली. म्हातारी अंगणात उभी होती. ती सकाळपासून उभी होती म्हणे. आम्ही दिसलो तशी ती दोन पावलं पुढं आली आन थांबली. ती ओरडीची वाट बघत होती.

मी छाती भरून तोंड उघडलं. आतून नुसता वारा आला.

परत उघडलं. काही नाय. खरखर पण नाय. सगळ्या रानाला ऐकवलं, आन ज्या एका घरासाठी पाहिजे होतं तिथं माझा आवाज संपला.

मी मागं बघून साडूला खुणावलं. साडूनं ओरडून बघितलं. बिचाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा ओरड दिली असंल. कोंबडी पिल्लांना बोलावते तेवढा त्याचा आवाज. वारा खालून वर होता, आवाज आमच्याच मागं गेला.

मग मी अक्कल चालवली. डोक्याचं फडकं सोडलं आन जोरजोरानं हलवलं, की बाई, ये, ये, जिता हाय. आता मला सांगा, डोलीच्या पुढं उघड्या डोक्यानं कोण चालतो? मयताबरोबरचा माणूस चालतो. मी फडकं हलवलं आन खाली म्हातारी वळली. घरात गेली. छपरातून धूर येत होता तो बारीक झाला आन थांबला. मग ती घागर घेऊन बाहेर आली आन अंगणात पालथी केली. दुसरी आणली, ती पण केली. शेजारच्या घरातून जाऊ बाहेर आली, तिनं पण ओतलं. एवढ्या लांबून पाणी दिसलं, उन्हात चमकलं आन मातीत गेलं.

"पळ," साडू बोलला.

आम्ही पळालो. डोली घेऊन उतारावर पळू नये, पण पळालो. आत पोराचं डोकं बांबूला लागलं असंल, तो काही बोलला नाय.

अंगणात पोचलो तर म्हातारी चुलीकडं तोंड करून बसलेली. तिनं वळून बघितलंच नाय. जाऊ रडायला लागली होती. मी हातवारे करतोय, तोंड उघडझाप करतोय, आन माझं सोंग कोणाला कळंना. तेवढ्यात डोलीतून आवाज आला. बारीक.

"आये. पानी."

म्हातारी उठली. तिनं पहिली घागर उचलली, उलटी केली. दुसरी उचलली. जावेच्या घरात गेली, परत आली. मग कोणाकडं न बघता एक घागर काखेत घेऊन नाल्याकडं निघाली. जाऊ बोलली, "मी जाते, तू त्याच्यापाशी बस."

"नको. मीच आनते." आन ती पळत उतरली. त्या वयात.

मी तिच्या मागं गेलो असतो तर? पण मी तिथंच वाकून खोकत होतो. सगळं पळणं माझ्या घशात येऊन बसलं होतं.

साहेब घरामागच्या सावलीत होता, गडबड ऐकून आला. त्यानं गळ्यातला तांब्या काढला. फिरकी उघडली, गुडघ्यावर बसला, बूट मातीत, आन एका हातानं पोराची मान उचलून त्याच्या तोंडाला तांब्या लावला. मला साहेबाची पाठ दिसली तेवढीच. पोराचं तोंड दिसलं नाय.

म्हातारी वर आली तोवर साहेब टोपी काढून उभा होता. घागर अर्धी सांडली होती, तिचं लुगडं एका बाजूनं भिजलेलं. तिनं साहेबाला बाजूला सारलं. ओंजळीनं पाणी पोराच्या तोंडात घातलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं आन गळ्यावरून खाली गेलं, आन गेलं तिथं तिथं कोळसा धुऊन आतली कातडी उघडी पडली. ती परत परत घालत राहिली. शेवटी जावेनं तिचा हात धरला.

संध्याकाळच्या आत मयताचं सगळं केलं. डोलीचा बांबू मसणातच ठेवला, घोंगडी पण. असलं सामान परत आणत नाय. ते काळं कापड साहेबानं पोराच्या अंगावर राहू दिलं.

परत आलो तेव्हा म्हातारीनं साहेबाला विचारलं, "तू पाजलंस त्याला?"

"हो."

"पानी कोनाचं?"

"तुमचंच. माझं कालच संपलं. आज सकाळी तुम्हीच तांब्या भरून दिलात ना."

ती थांबली. "मी भरलं व्हतं?"

"तुम्हीच. घागरीतून."

पाड्यातला एक म्हातारा ओसरीवर बसला होता, तो बोलला, "पानी घरचं, पन हात परका." जाऊ त्याच्या अंगावर गेली, "गप बसा तुमी. घरचं ते घरचं." म्हातारा बोलला, "मी काय वाईट बोललो? आसतं ते बोललो." त्यांचं त्यावर बराच वेळ चाललं. एक बोलायचं घरचं पाणी मिळालं, दुसरं बोलायचं नाय मिळालं. मला वाटत होतं मधे पडावं, काहीतरी बोलून त्या म्हाताऱ्याला हसवून गप करावं, ते मला येतं. घशातून काही निघालं नाय.

साहेबानं त्या पाड्यात परत पेटी उघडली नाय. उजेड चांगला होता तरी.

सकाळी सामान वाटून घेतलं. पेटी साडूच्या पाठीवर बांधली, काचा मी डोक्यावर घेतल्या. घोडा साहेबानं स्वतःच्या खांद्यावर टाकला, आम्ही नको नको केलं तरी. ह्या वेळी काचा वाजल्या नाय. माझं डोकं हलत नव्हतं.

टेकाडाच्या पायथ्याशी म्हातारी आमच्या मागून आली. साहेबाला तिनं जाऊ दिलं. साडूला पण. मला थांबवलं.

"त्यो शहरातला मानूस, मला बरं वाटावं म्हनून पन बोलंल. तू आपल्यातला. तू तिथंच व्हतास. त्यानं गिळलं का?"

मी बघितलं नव्हतं. मी खोकत होतो.

मी डोक्यावरची पेटी दोन्ही हातांनी धरून मान हलवली. हो.

"नीट सांग."

मी परत मान हलवली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. हा ज्याला त्याला हसवत फिरतो, ह्याचं खरं मानावं का, असं बघत होती का काय, मला कळलं नाय. मग ती बाजूला झाली आन मी चढायला लागलो.